नेपाळच्या डोंगरी गावांत घरोघरी छापील फोटो द्यायचे आहेत: प्रिंटर, वीज, वाटप कसं जमवावं?

तापीकाठ_अमळनेर

राम राम मंडळी. आमच्या मंडळाचे सहा जण यंदा दसऱ्याच्या सुमारास नेपाळात गुल्मी जिल्ह्यात जाणार आहेत. एका शाळेच्या ओळखीतून दोन गावं ठरली आहेत. एक साठेक घरांचं, दुसरं पंचेचाळीसचं. शाळेला पुस्तकं द्यायची आहेतच, पण मुख्य काम म्हणजे प्रत्येक घराचा एक चांगला कौटुंबिक फोटो काढून, छापून त्यांच्या हातात द्यायचा. मोबाइल तिथे घरोघरी आहेत, भिंतीवर लावायला फोटो मात्र फार थोड्यांकडे आहे, असं तिथल्या शिक्षकांनी कळवलंय.

आमच्याकडे एक डीएसएलआर आणि दोन-तीन बरे मोबाइल आहेत, प्रिंटर नाही. फोटो तिथेच छापावेत की इथे आणून लॅबमधून काढून पाठवावेत? तिथे छापायचे तर कोणता प्रिंटर, किती कागद, वीज गेली तर काय? कोणी इन्स्टॅक्स (काढला की लगेच फोटो बाहेर देणारा कॅमेरा) घ्या म्हणतं, कोणी इंकजेट. आणि वाटपाचा गोंधळ कसा टाळायचा? सातपुड्यात पाड्यांवर असं काम केलेले लोक इथे आहेत, त्यांनी जरा सविस्तर सांगावं.

भुसावळ_स्टुडिओ

भाऊ, पहिला प्रश्न आधी निकाली काढू. फोटो तिथेच, त्याच दिवशी द्या. "नंतर पाठवतो" म्हणून काढलेले फोटो बहुतेक पोचत नाहीत. टपाल जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत जातं, पुढे डोंगरातल्या टोलावर, म्हणजे वस्तीवर, कोण नेणार? बाकीचं सगळं नियोजन या एका अटीभोवती बसवा.

इन्स्टॅक्स मिनीचं चित्र ६२ × ४६ मिमी, म्हणजे पाकिटात ठेवायच्या आकाराचं. आठ जणांच्या कुटुंबात एकेक चेहरा तुरीच्या डाळीएवढा येतो. वाइडचं चित्र ९९ × ६२ मिमी, ते बरं, पण दर प्रिंटमागे खर्च सगळ्यांत जास्त. साध्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्यात डोळे मिटले तर पान गेलं, आणि दुसरी प्रत काढता येत नाही. फिल्म ५ ते ४० अंशांत ठेवावी लागते. थंडीत चित्र फिकं, निळसर उतरतं. विमानाने जाणारांनी ही ८०० आयएसओची फिल्म एक्स-रेतून न घालता हाताने तपासून मागावी. आणखी एक: त्या पानाच्या खालच्या जाड पट्टीत अल्कलीयुक्त लगदा असतो. लहान पोरं कात्रीने कडा कापतात, तो लगदा डोळ्यात किंवा तोंडात जायला नको.

इंकजेट प्रवासात नको. टाकीवाला प्रिंटर जीपमध्ये आडवा झाला की शाई सांडते, हेडमध्ये हवा शिरते, आणि साफसफाईच्या दोन-तीन फेऱ्यांतच निम्मी शाई जाते. डाय इंकचा फोटो पाण्याने ओघळतो. चुलीच्या घरात तो टिकत नाही.

तुमच्या कामाला डाय-सब्लिमेशन प्रिंटर घ्या, म्हणजे रिबनीवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा. कॅननच्या सेल्फी (Selphy) नावाच्या छोट्या प्रिंटरचं सीपी १३०० किंवा सीपी १५०० मॉडेल किलोच्या आत बसतं. छापील आकार १०० × १४८ मिमी, म्हणजे पोस्टकार्ड. कागद चार वेळा आत-बाहेर जातो: पिवळा, मॅजेन्टा, सायन, आणि शेवटी पारदर्शक थर. या थरामुळे पाण्याचे थेंब पुसून टाकता येतात. एका प्रिंटला पाऊण मिनिट धरा.

आता हिशेब. घरं १०५. घरटी एक कौटुंबिक फोटो, शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा एक, तो मागतातच. काही घरांना दोन प्रती लागतील, काही जुने फोटो उतरवून मागतील. २७० धरा, वाया जाणारे दहा टक्के, म्हणजे ३०० च्या आसपास. या प्रिंटरच्या आरपी-१०८ नावाच्या एका खोक्यात १०८ कागद आणि ५४ प्रिंटच्या दोन रिबनी असतात. तीन खोके = ३२४. रिबन आणि कागद जोडीने संपतात. अडकलेला कागद गेला की रिबनचा तेवढा तुकडाही गेला, तो मागे फिरवता येत नाही. म्हणून सुटे कागद वेगळे जमवून उपयोग नाही.

प्रिंटर दोन न्या. एकट्या प्रिंटरवर कार्ड घालणं, कडा तोडणं, ट्रे भरणं धरून तासाला ३५-४० च्या वर जात नाही. कागदाच्या ट्रेमध्ये १८ च कागद मावतात. आणि एकच प्रिंटर असेल नि तो बंद पडला तर सगळा दौरा बसला.

वीज: नेपाळात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सॉकेटही आपल्यासारखेच. पण डोंगरात कुठे कुठे छोट्या जलविद्युत संचावर गाव चालतं आणि संध्याकाळी सगळे दिवे लागले की व्होल्टेज खाली बसतं. प्रिंट अर्धवट असताना वीज गेली तर कागद आणि रिबन दोन्ही वाया. म्हणून छापताना प्रिंटर बॅटरीवर चालवा आणि वीज असेल तेव्हा बॅटरी भरून घ्या. सीपी १३०० ला स्वतःची लिथियम बॅटरी मिळते, एका चार्जमध्ये साधारण ५४ पोस्टकार्डं. अशा दोन असल्या तर एका गावाचं निम्म्याहून जास्त काम होतं. जीप गावापर्यंत जात असेल तर १५० वॅटचा इन्व्हर्टर जीपच्या बॅटरीवर, इंजिन चालू ठेवून. हिशेबाला एका प्रिंटमागे एक वॅट-तास धरा, त्यात इन्व्हर्टरची गळतीही येते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएसची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास असते, पण निम्म्याखाली उतरवली तर खराब होते, म्हणजे चाळीसेक प्रिंट. वजन दोन किलो. अंगावर वाहायची असेल तर परवडत नाही.

लग्नातल्या फोटोबूथवाल्यांचा डीएनपी आरएक्स १ कोणी सुचवेल. १२-१३ सेकंदांत ४ × ६ निघतो, रोलवर ७०० प्रिंट. पण १४ किलोचा आहे आणि वीज भरपूर खातो. सडकेवरच्या शाळेत ठाण मांडून बसणार असाल तरच.

बिघाड कुठे होतात ते सांगतो. धूळ पहिली: कागदावर कण बसला की तिथे पांढरा ठिपका राहतो, पुढच्या रंगांतही तो तसाच. प्रिंटर झोपडीच्या मातीच्या ओट्यावर न ठेवता स्टीलच्या ट्रंकेवर ठेवा आणि मागच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडा, कागद तिकडून बाहेर डोकावतो. कोणी पोराने तो ओढला की रंग सरकले. दुसरं, चकचकीत बाजू वर. उलटा कागद घातला तर फोटो उमटत नाही आणि रिबन जाते. त्या बाजूला बोट लागलं तर बोटाचा डाग फोटोत दिसतो, कागद कडांनीच धरा. तिसरं, ५ अंशांखाली आणि ४० च्या वर प्रिंटर नीट चालत नाही. सलग तीस-चाळीस प्रिंट झाले की तो गरम होऊन स्वतःच थांबतो, तेव्हा उन्हातून उचलून सावलीत ठेवा, बंद-चालू करत बसू नका. थंड रात्रीनंतर चुलीपाशी आणला तर आत दव धरतं, तासभर पिशवीतच राहू द्या.

छापताना मोबाइलच्या अ‍ॅपपेक्षा एसडी कार्ड सरळ. जेपीईजी काढा, रॉ फाइल प्रिंटर कार्डवरून छापत नाही. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉर्मॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा. 'स्मूथ स्किन' बंद. ते सुरकुत्या पुसतं, म्हाताऱ्या आजीचा चेहरा ओळखू येत नाही.

आणि वापरलेल्या रिबनी तिथे टाकून येऊ नका. रिबन उलगडली की तिच्यावर प्रत्येक घराचा चेहरा उलट्या रंगांत स्पष्ट दिसतो, आधी पिवळ्यात, मग गुलाबीत, मग निळ्यात. सगळ्या मोजून परत आणा आणि इथे कापून टाका.

धुळे_कलरलॅब

वरचं बहुतेक पटलं, पण पोस्टकार्डावर थांबू नका. भिंतीवर लावायला ५ × ७ हवा, आणि टिकायला लॅबमधला सिल्व्हर हॅलाइड कागदच. माझं मत: त्या दिवशी पोस्टकार्ड हातात द्या आणि निवडक फोटो, म्हणजे घरटी एक, ५ × ७ मध्ये बुटवलच्या लॅबमधून काढा. तुमचा परतीचा रस्ता तिथूनच आहे. पण त्या आठवड्यात सणाची सुट्टी असते, लॅब बंद धरूनच चाला. आधी फोन करून ठरवा आणि गावातला कोणी बुटवलला येणारा-जाणारा असेल त्याच्याकडे गठ्ठा द्या. हे जमणार असेल तरच करा, आणि गावात आधी बोलू नका. मिळालं तर वरचं मिळालं.

मापाचं एक फार जण चुकवतात. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, ४ × ६ चा कागद ३:२. छापताना उंचीतला नववा भाग कापला जातो. आडव्या ग्रुप फोटोत एकतर मागच्या ओळीची डोकी जातात नाहीतर पुढच्यांचे पाय. डीएसएलआर मुळात ३:२ आहे, तो वापरा, किंवा मोबाइलवर वर-खाली हातभर मोकळी जागा ठेवा. सेल्फी प्रिंटरवर 'बॉर्डर ठेवून' छापलं तर कडा कापल्या जात नाहीत आणि धरायला पांढरी पट्टीही मिळते. ३०० डीपीआयला ४ × ६ साठी १२०० × १८०० पिक्सेल, ५ × ७ साठी १५०० × २१०० लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लॅमिनेशन नको. पाऊचची कड एकदा उकलली की पाणी आत शिरतं आणि बाहेर निघत नाही, फोटो आतल्या आत बुरसतो. पॉलिप्रॉपिलीनचं पातळ पाकीट आणि पाठीमागे पुठ्ठा, एवढंच द्या. बाजारात मिळणारी वास येणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. डाय-सबचा रंग त्यांत उतरतो आणि फोटो चिकटतो. चिकटपट्टीही पुढच्या बाजूला लावू देऊ नका. फ्रेम देणार असाल तर काच आणि फोटो यांत पुठ्ठ्याची चौकट हवीच. ओलसर भिंतीवर फोटो काचेला डसतो तो परत निघत नाही. वजन पाहता फ्रेम देऊच नये असं मला वाटतं.

पाठीवर लिहायला बॉलपेन वापरलं की पुढून वळ दिसतात. सीडी मार्कर घ्या आणि शाई वाळल्यावरच एकावर एक रचा. गावाचं नाव, कुटुंबाचं नाव आणि तारीख लिहा, तारीख त्यांच्या विक्रम संवतात. तिथला संवत वैशाखात बदलतो, आपल्या गुजराती व्यापाऱ्यांसारखा दिवाळीला नाही. शिक्षकांना विचारून रोजची तारीख आधी पाटीवर लिहून ठेवा.

शहाद्याची_ताई

भाऊ, प्रिंटर चालेल हो, वाटपच बिघडतं. त्यावर वेळ द्या.

आपल्याकडे धडगाव-मोलगी भागात दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो. तेव्हा फोटो काढले तर घरात फक्त म्हातारी आणि लहान पोरं. होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या वेळी सगळे परत येतात, नवे कपडे, चांदी अंगावर, तेव्हा फोटो खरा कुटुंबाचा होतो. तसंच खाली सपाटीवर आखाजीला (अक्षय तृतीयेला), माहेरवाशिणी आलेल्या असतात तेव्हा. तुमची वेळ याच अर्थाने अचूक आहे. गुल्मीतले पुष्कळ पुरुष आखातात, मलेशियात नाहीतर आपल्याच देशात कामाला असतात, आणि दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, जे येऊ शकतात ते येतात. विजयादशमीपासून कोजाग्रत पौर्णिमेपर्यंत टीका लावायला नातेवाईक एकमेकांकडे जातात. कपाळावर लाल टीका, कानामागे जवाचे पिवळे कोंब. त्या पाच दिवसांत काढलेला फोटो त्यांना सगळ्यांत हवा असेल. पण दशमीचा दिवस स्वतः घरच्यांना द्या, तुम्ही दुसऱ्या दिवसापासून या. आणि त्या वर्षी घरात मृत्यू झाला असेल तर ते दशैं करत नाहीत. अशा घराला आग्रह करू नका, फक्त विचारून ठेवा की नंतर साधा फोटो हवा का.

गावात आधी कोणाशी बोलायचं? आपल्याकडे कारभारी, पोलीस पाटील आणि आशाताई या तिघांना सांगितल्याशिवाय पाड्यात कॅमेरा काढत नाही. तिथे वडाध्यक्ष (वॉर्डाचा निवडून आलेला प्रमुख), शाळेचे मुख्याध्यापक आणि महिला स्वास्थ्य स्वयंसेविका. या स्वयंसेविका १९८८ पासून गावोगाव आहेत, आणि कोणत्या घरात कोण आहे, कोण आजारी, कोण बाळंतीण, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमा समूह (गावातल्या आयांचा गट) असला तर त्यांनाही सांगा. वडाध्यक्षाचं एक पत्र जवळ ठेवा, वाटेत कोणी विचारलं तर दाखवायला.

मग नोंदवही. रकाने असे: क्रमांक, घराचं नाव, टोल, फोटोत कोण कोण (डावीकडून), किती प्रती, कोणाच्या हातात दिला, सही किंवा अंगठा. फोन नंबर फक्त दुसरी प्रत पाठवायची असेल तर. प्रत्येक घराचा पहिला फोटो पाटीचा. पाटीवर खडूने क्रमांक, ती घरच्या एका माणसाच्या हातात, मग पाटी बाजूला आणि खरे फोटो. संध्याकाळी तीनशे चेहऱ्यांतून कोणता कुठला हे ठरवताना ही पाटीच कामाला येते. घरच्यांना त्याच क्रमांकाची चिठ्ठी द्या. चिठ्ठी आणेल त्यालाच फोटो, मोठ्या माणसाला. गर्दीत नाव पुकारून वाटू नका. पोरं उचलून पळतात, दोन घरांचे फोटो बदलतात, आणि एकदा कोणाचा फोटो हरवला की त्या घराला वाटतं मुद्दाम दिला नाही.

एक माणूस फोटो काढणारा, एक पाटी-वहीवाला, दोघं प्रिंटरवर, एक वाटप, एक नुसता लोकांना बसवून बोलत ठेवणारा. सहा जण बरोबर पुरतात. प्रिंटर आणि गर्दी यांच्यात भिंत हवी, शाळेची खोली उत्तम.

सगळ्यांना किंवा कोणालाच नाही. "गोड पोरं" निवडून फोटो काढले की उरलेल्या घरांना ते कायमचं लक्षात राहतं. वस्तीच्या कडेला राहणारी घरं आधी करा, कारण कागद संपतो तेव्हा तीच राहतात. दलित टोल गावाबाहेर असेल तर तिथे स्वतः चालत जा, त्यांना शाळेत बोलावून वाट पाहायला लावू नका.

परवानगी दोन वेगळ्या आहेत. फोटो काढून देण्याची एक, तो तुमच्या फेसबुकवर किंवा देणगीच्या पत्रकात वापरण्याची दुसरी. दुसरी नेपाळीत लिहून, वाचून दाखवून, सही घेऊन. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची. ती दिली नाही तरी फोटो मिळणारच, हे आधी सांगा, नाहीतर ती परवानगी नव्हे. अमेरिकेत २००८ साली जेरेमी कॉवर्ट यांनी हेल्प-पोर्ट्रेट सुरू केलं, त्याचा पायाच हा आहे की फोटो द्यायचा, घ्यायचा नाही. फोटोवर मंडळाचं नाव, देणगीदाराचं नाव, पुढाऱ्याचा चेहरा काहीही नको. तो त्यांच्या घराचा फोटो आहे.

तापीकाठ_अमळनेर

ताई, दादा, फार उपकार झाले. प्रिंटर दोन घेतोय, आणि दशमीच्या दुसऱ्या दिवसापासूनच जायचं ठरवतो. दोन गोष्टी अजून. जुने फोटो उतरवून देण्याबद्दल वर आलं, ते तिथे मोबाइलने नीट कसं करायचं? आणि ग्रुप फोटोत लोकांना उभं कसं करायचं, प्रकाश कसा घ्यायचा? फोटो आम्ही नेहमीचे काढतो, पण हा प्रकार वेगळा आहे.

चोपडा_पोर्ट्रेट

आधी जुने फोटो, कारण हीच मागणी सगळ्यांत मोठी असते. घरातला गेलेला माणूस फक्त नागरिकतेच्या प्रमाणपत्रावर किंवा एखाद्या पासपोर्ट फोटोत उरलेला असतो. आपल्याकडे दशक्रियेच्या वेळी मतदार कार्डावरून फोटो मोठा करायला लोक धावत येतात, तशीच ही गरज.

दाराशी या, उन्हात नाही. फोटो सपाट पाटीवर ठेवा, प्रकाश एका बाजूने तिरका येऊ द्या, फ्लॅश बंद. मोबाइल फोटोला अगदी समांतर हवा, नाहीतर चेहरा एका बाजूला निमुळता होतो. अगदी जवळ गेलात तर मोबाइलचीच सावली पडते. जरा मागे सरका आणि २एक्स लेन्स वापरा. चकाकी आली तर तुमच्या मागे काळं कापड किंवा काळी छत्री धरायला सांगा, काचेतलं प्रतिबिंब जातं. पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिमीचा असतो. तो पोस्टकार्डाएवढा केला तर तिपटीहून मोठा होतो, म्हणून मोबाइलची चौकट त्या फोटोनेच भरा, आजूबाजूचं टेबल नको. पाच-सहा काढा, मोठं करून डोळे स्पष्ट आहेत ते पाहा. पूर्ण पोस्टकार्डावर फुगवण्यापेक्षा कागदाच्या मधोमध रुंद पांढऱ्या कडेसह छापला तर जास्त शोभतो.

फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. वरचा थर काचेवरच राहतो, चेहरा जातो, आणि घरात तेवढा एकच असतो. काचेसकट काढा. आणि मूळ फोटो घराबाहेर नेऊ नका, घरच्यांसमोर काढून तिथेच परत हातात द्या.

"दुबईतल्या मुलाला यात बसवा" अशी मागणी नक्की येईल. तिथे बसवून घाईने केलेलं चिकटकाम ओळखू येतं, डोकं वेगळ्या प्रकाशातलं दिसतं. त्यापेक्षा मुलाने मोबाइलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला त्याचा फोटो वेगळा छापून द्या. ते शेजारी ठेवतात. आणि कौटुंबिक फोटोची एक प्रत त्या मुलाला पाठवायला त्यांच्या मोबाइलमध्येही टाकून द्या.

आता उभं करणं. लोकांना स्वतःला कसं दिसायचंय ते त्यांना ठरवू द्या. बहुतेक ठिकाणी सरळ उभं, हात बाजूला, पूर्ण अंग, पाय दिसले पाहिजेत, आणि हसायचं नाही. "स्माइल" म्हणून मागे लागू नका. कपडे बदलायला, केस विंचरायला दहा मिनिटं द्या, चांगली टोपी आणि दौरा (नेपाळी अंगरखा) कोणाला घालायचा असतो. पार्श्वभूमी घराचं दार किंवा अंगण, त्यांना हवं ते. कोणी टांगलेल्या मक्याच्या कणसांच्या झुबक्यांपुढे उभं राहील, कोणी म्हशीला आणेल. आणू द्या.

उघडी सावली शोधा: घराच्या उत्तरेची बाजू, मोठ्या झाडाची कड. पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर नकोत. डोंगरात ऊन तिखट असतं, दहा ते तीन अंगणात काढलाच तर सगळ्यांची पाठ उन्हाकडे करा आणि फ्लॅश लावा, नाहीतर ढाका टोपीखाली डोळे काळे होतात. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात, एक्स्पोजर +०.७ ते +१ करा आणि चेहरा पाहूनच ठरवा. छापील फोटो स्क्रीनपेक्षा जरा गडद येतो, म्हणून पहिल्या घराचा एक प्रिंट काढून पाहा आणि मगच पुढचे काढा.

दोन ओळी असतील तर एफ/८, शटर १/१२५ पेक्षा हळू नको, आयएसओ लागेल तेवढा वाढवा. लेन्स ५० मिमीच्या आसपास. १८ वर काढलात तर कडेची माणसं फुगतात, आणि कडेला नेहमी सुना उभ्या असतात. म्हातारे मधे, खुर्चीवर किंवा मुढ्यावर. आठ जणांसाठी किमान सहा फोटो, एकाचे तरी डोळे मिटलेले असतातच. तिथल्या तिथे मोठं करून पाहा, घरच्या बाईलाही दाखवा. तिने "हा" म्हटला तोच छापा.

रावेर_रेल्वे

प्रवासाचं थोडं. भुसावळहून गोरखपूरला काशी एक्स्प्रेस किंवा कुशीनगर एक्स्प्रेस, पुढे बसने सीमेवरची सुनौली. तिथून भैरहवा, बुटवल, तानसेन, रिडी, तम्घास. बुटवल-तानसेन रस्त्यावर सिद्धबाबाजवळ दरड कोसळते, पावसाळा लांबला असेल तर एक दिवस हातचा ठेवा. सणात बस भरून जातात, जीप आधी ठरवा.

कागदपत्रं: मूळ मतदार कार्ड किंवा पासपोर्ट. प्रौढांनी एकट्या आधारवर विसंबू नये, विशेषतः विमानाने जायचं असेल तर. पैसे १०० रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटांत ठेवा किंवा सीमेवर बदलून घ्या, १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी.

भन्सारवर (नेपाळच्या जकात नाक्यावर) सीलबंद खोकी दिसली की विक्रीचा माल समजतात. प्रिंटर खोक्यातून काढून कपड्यांत गुंडाळा, आणि प्रत्येकाच्या सामानात थोडे थोडे कागद वाटून घ्या. मात्र कागदाची आतली पाकिटं फोडू नका, दमट हवेत कागद वाकतो आणि ट्रेमध्ये अडकतो. रिबन सरळ उन्हात किंवा जीपच्या टपावर नको. खरेदीच्या पावत्या आणि शाळेचं पत्र वरच्या कप्प्यात. विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, १०० वॅट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तास होते, ती चालते.

भुसावळ_स्टुडिओ

एक राहिलं होतं. सेल्फीच्या कागदाला दोन्ही टोकांना छिद्रांची पट्टी असते. ती आधी मागे दुमडा, मग पुढे, मग तोडा. एकदम ओढली की कोपरा फाटतो. निघण्याआधी घरी एक पूर्ण खोकं संपवा: ट्रे भरणं, रिबन बदलणं, अडकलेला कागद काढणं हे सहाही जणांच्या हातात बसलं पाहिजे. म्हणजे खोकी चार घ्या, तीन नेण्यासाठी आणि एक सरावाला. सरावाचे फोटो शेजारच्याच वस्तीतल्या लोकांचे काढा आणि त्यांनाच द्या.